किल्लारीचा भूकंप (१९९३)

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मराठवाड्याच्या दक्षिण भागात झालेला भूकंप. लातूर जिल्ह्यातील औसा आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील उमरगा हे दोन तालुके त्याचे मुख्य बळी. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव अशी तेरणेकाठची गावे काही सेकंदांत भुईसपाट झाली. सुमारे ९,७०० माणसे दगावली. सरकारी आकडा ८,००० च्या आत आहे. भूकंपाची तीव्रता ६.२ होती, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच. कोयनेचा १९६७ चा भूकंपही साधारण एवढ्याच ताकदीचा होता आणि त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. किल्लारीत आकडा इतका का फुगला, याचे उत्तर जमिनीखाली थोडे आणि जमिनीवर जास्त सापडते.

भारतीय भूपट्ट, म्हणजे ज्यावर भारत बसला आहे तो पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला रेटतो. या रेट्याचा ताण हिमालयात मोकळा होतोच, पण भूपट्टाच्या पोटात असलेल्या जुन्या, कमकुवत भेगांवरही तो साचत राहतो. किल्लारीखाली बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाचा, थर जेमतेम ३४० मीटर जाड आहे आणि त्याखाली अब्जावधी वर्षांचा जुना खडक. त्यातल्या एका भेगेवर एक बाजू दुसरीवर चढली. भूकंपाची नाभी, म्हणजे तो जिथे सुरू झाला ती जागा, फार खोल नव्हती, त्यामुळे हादरा थेट गावांच्या पायाशी पोचला. किल्लारीजवळ शेतांतून जमीन फाटून उंचावलेली सुमारे किलोमीटरभराची रेघही दिसली. खंडाच्या स्थिर समजल्या जाणाऱ्या भागात असे क्वचितच घडते. जवळच माकणीला निम्न तेरणा धरण असल्याने कोयनेसारखाच हा जलाशयाचा परिणाम असावा, अशी शंका निघाली. त्यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही.

दख्खनचे पठार म्हणजे पक्का दगड, ते हलायचे नाही, ही समजूत कोयनेने १९६७ मध्येच मोडली होती. तरी १९९३ पर्यंत हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. वास्तविक आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, किल्लारीला धक्क्यांची मालिकाच बसली होती. जमिनीतून गडगडाट ऐकू येई, लोक भीतीने बाहेर झोपत. पुढे धक्के थांबले आणि लोक पुन्हा घरात झोपू लागले.

ही घरे समजून घेतल्याशिवाय किल्लारी समजत नाही. मराठवाड्यातले जुने घर दगड-मातीचे. भिंत दोन-तीन फूट जाड, पण आतून पोकळ म्हणावी अशी: दोन बाजूंना दगडांचे दोन थर, मध्ये दगडगोटे आणि चिखल, आणि दोन्ही थरांना एकत्र बांधणारा आडवा दगड बहुतेक ठिकाणी नाहीच. वर लाकडी खांब-तुळयांवर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. पावसाळ्यात गळते म्हणून दर काही वर्षांनी त्यावर आणखी माती टाकायची, त्यामुळे माळवदाचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाढतच गेले. उन्हाळ्यात असे घर थंडगार राहते, चोरालाही सहज फोडता येत नाही, आणि जितकी भिंत जाड तितके घर तालेवार. त्या पहाटे भिंतीचे थर एकमेकांपासून सुटले आणि दगड झोपलेल्यांवर कोसळले. मातीखाली गुदमरून गेलेलेही पुष्कळ. कुडाच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्यांतली गरीब माणसे त्या मानाने वाचली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून गावे उशिरा झोपली होती. ती गाढ झोपेची वेळ होती.

प्रेतांसाठी लाकूड कुठून आणायचे, हा प्रश्न होता. पडलेल्या घरांचे खांब आणि तुळयाच सरणाला लागल्या.

सुमारे ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली. जागतिक बँकेच्या कर्जाने राबवलेल्या पुनर्वसन योजनेत घराचा आकार जमीनधारणेवर ठरला: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. म्हणजे गावाची जुनी उतरंड आराखड्यातही उतरली. याखेरीज आसपासच्या लाखाहून अधिक घरांना दुरुस्ती-मजबुतीसाठी मदत मिळाली आणि त्या कामात महिला मंडळांना संवाद सहायक, म्हणजे गावकरी आणि प्रशासन यांच्यातला दुवा, म्हणून नेमण्यात आले. हा प्रयोग पुढे इतर आपत्तींतही उपयोगी पडला. भूकंपग्रस्त सुमारे १,२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेले.

नव्या गावांवर टीकाही झाली आणि ती रास्त होती. चौकोनी आखणीचे रुंद रस्ते आले, पण गल्ली-बोळ, ओसरी, वाड्याचे अंगण, शेजारपण हरवले. शेते लांब पडली. काही ठिकाणी काळ्या मातीवरच्या घरांच्या पायाला तडे गेले. भूकंपानंतर नकाशावर या भागाचा धोक्याचा पट्टा बदलून तिसरा करण्यात आला.

दगडाबद्दलची भावना मात्र नकाशापेक्षा आधी बदलली होती. जाड भिंतीचे ज्यांना भूषण वाटे, तेच आता दगडाच्या भिंतीखाली झोपायला तयार नव्हते. सरकारी घर अपुरे पडले की लोकांनी त्याला पत्र्याची खोली जोडली. लातूरच्या उन्हाळ्यात पत्रा तव्यासारखा तापतो, तरी रात्रीची अंथरुणे तिथेच पडत.