प्रचंड यंत्र-संदेशवहन : मॉड्युलेशन आणि डीकोडिंग

पाण्याचे मीटर, मातीतील ओलावा मोजणारे सेन्सर अशी असंख्य यंत्रे एकाच बेस स्टेशनला अधूनमधून छोटे संदेश पाठवतात, त्या बिनतारी दळणवळणाला प्रचंड यंत्र-संदेशवहन किंवा एमएमटीसी म्हणतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने फाइव्ह-जीसाठी ठरवलेल्या तीन वापरप्रकारांपैकी हा एक. दर चौरस किलोमीटरला 10 लाख उपकरणे सामावावीत, अशी त्याची अट आहे.

अडचण वेगाची नाही, गर्दीची आहे. फोन आधी परवानगी मागतो, बेस स्टेशन त्याला वेळ आणि फ्रिक्वेन्सी नेमून देते, मग डेटा जातो. मीटरचा आकडा काही बाइटांचा. त्यासाठी एवढी देवाणघेवाण म्हणजे नाकापेक्षा मोती जड. म्हणून न विचारता संदेश सोडून देण्याची वाट धरली गेली. तिचे मूळ नॉर्मन अब्रामसन यांनी 1970 च्या सुमारास हवाई विद्यापीठात उभारलेल्या अलोहा नेटवर्कमध्ये आहे. वेळेचे स्लॉट, म्हणजे ठरावीक तुकडे, पाडले तरी या पद्धतीत फार तर 36.8 टक्के स्लॉट कारणी लागतात. बाकीचे रिकामे राहतात किंवा टकरीत वाया जातात.

पण टक्कर झालेला सिग्नलही कामाचा असतो. समजा, ‘अ’ने एकच संदेश दुसऱ्या आणि पाचव्या स्लॉटमध्ये पाठवला, ‘ब’ने पाचव्या आणि नवव्या, नवव्यातच ‘क’ही बोलला. पाचवा आणि नववा गढूळ झाले, दुसरा स्वच्छ राहिला. तिथे ‘अ’ वाचता येतो आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे तेही संदेशातच कळते. पाचव्यातून ‘अ’ वजा केला की ‘ब’ मोकळा होतो, नवव्यातून ‘ब’ वजा केला की ‘क’. मात्र वाटेत सिग्नल किती क्षीण झाला याचा अंदाज चुकला, तर वजाबाकीत गाळ उरतो आणि पुढची साखळी अडते.

2013 मध्ये मांडलेल्या एससीएमए (स्पार्स कोड मल्टिपल अॅक्सेस) पद्धतीत टक्कर ठरवून घडवली जाते. नेहमीच्या उदाहरणात 4 सबकॅरियरवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या अरुंद पट्ट्यांवर, 6 उपकरणे बसवतात; प्रत्येक उपकरण दोनच सबकॅरियर वापरते, त्यामुळे एका सबकॅरियरवर तिघेच येतात आणि संदेश वेगळे काढणाऱ्या डीकोडरची आकडेमोड आटोक्यात राहते. कागदावर हे देखणे आहे. अशा छोट्या यंत्रांसाठीच्या 2016 च्या एनबी-आयओटी या मोबाइल मानकाने मात्र साधेपणा पत्करला : 180 किलोहर्ट्झचा पट्टा, बीपीएसके-क्यूपीएसकेसारखे, एका वेळी एक-दोनच बिट रेडिओलहरीवर चढवणारे मॉड्युलेशन आणि संदेश क्षीण पडला तर अपलिंकवर (यंत्राकडून बेस स्टेशनकडे) 128 पर्यंत पुनरावृत्ती. स्वस्त अँप्लिफायर आणि वर्षानुवर्षे पुरणारी बॅटरी हवी असेल, तर ही निवड शहाणपणाचीच म्हणावी लागेल.

कोणी काय पाठवले हा प्रश्नच माहितीशास्त्राचे संशोधक युरी पोल्यान्स्की यांनी 2017 मध्ये बदलला. सर्व उपकरणांना एकच कोडबुक, म्हणजे कोणत्या संदेशासाठी कोणता सिग्नल याची यादी, द्यायचे. रिसीव्हरने फक्त आलेल्या संदेशांची यादी काढायची, तीही क्रमाविना. कोण बोलले हे हवेच असेल, तर ते संदेशाच्या पोटात लिहावे.