मेटल डिटेक्टरचा वाळूपासून बचाव

पुळणीवर हरवलेली अंगठी, किल्ली किंवा नाणी शोधताना यंत्रात वाळू शिरू न देण्याची, आणि शिरलीच तर वेळीच काढण्याची रीत. ठाणे शहर आणि नवी मुंबई यांना लागून आहे ती खाडी. तिथे चिखल आणि कांदळवन. वाळूसाठी ठाणेकर उत्तन गाठतात, नवी मुंबईकर उरणचे पिरवाडी. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाल्यापासून अर्नाळा, केळवे हे किनारे ठाणे जिल्ह्यात नाहीत.

सर्वाधिक त्रास होतो तो जमिनीलगत फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे कॉइलला. तिच्या तळाशी बसवलेल्या प्लास्टिकच्या झाकणात ओली वाळू साचते. आपल्याकडच्या वाळूत बेसॉल्ट खडक झिजून सुटलेले मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे काळे कण असतात. पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक कोरड्या वाळूवरून फिरवले की पिशवीला काळी लव फुटते. हेच कण झाकणात इकडेतिकडे सरकले की खाली काही नसताना यंत्र वाजत राहते. यंत्र बिघडले असे समजून दुरुस्तीला धावण्याआधी झाकण काढून धुवावे. निम्म्या तक्रारी तिथेच मिटाव्यात.

दुसरा भाग दांड्याचा. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांमध्ये वाळू गेली की फिरवताना कचकच ऐकू येते. अशा वेळी जोर लावू नये आणि तेल तर मुळीच घालू नये, तेलाला वाळू आणखी चिकटते. नळ्या सुट्या करून गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवाव्यात, खिट्ट्या पाण्यातच उघडझाप कराव्यात.

कोरड्या फडक्याने पुसणे ही सर्रास होणारी आणि सर्वांत महागात पडणारी चूक. वाळूतल्या क्वार्ट्झ या खनिजाचा कठीणपणा मोह (Mohs) मापनावर, म्हणजे खनिजांच्या कठीणपणाच्या १ ते १० अशा मापनावर, ७ आहे. एका पुसण्यात यंत्राचा पडदा (स्क्रीन) ओरखडतो. आधी पाणी, मग फडके.

मात्र पुष्कळ यंत्रांत फक्त कॉइल पाण्यात चालते, दांड्यावरचा पडद्याचा डबा नाही. तो पातळ पिशवीत बांधावा, ओल्या फडक्याने हळूच टिपावा. खणताना यंत्र वाळूवर आडवे टाकू नये. सेलचे झाकण किनाऱ्यावर उघडू नये. त्याच्या रबरी कडीवर एक कण अडकला तरी पाणी आत जाते.

यंत्रावर उरलेले समुद्राचे मीठ पावसाळ्यात हवेतली ओल ओढते. म्हणून मे अखेरीस यंत्र धुऊन, सावलीत वाळवून, सेल काढून ठेवतात.