खुर्चीचे हात कशासाठी?

माझी पहिली खुर्ची मी नागपुरात, ऐन मे महिन्यात केली. आईचे गुडघे दुखायचे, जमिनीवरून उठणं तिला जमेना, म्हणून तिच्यासाठी. दोन सागाच्या फळ्या जोडून ४५ सेंटीमीटर रुंदीची बैठक केली आणि ती हलू नये म्हणून चारही बाजूंनी स्क्रूने आवळून टाकली. ऑगस्टमध्ये ती बैठक मधोमध फुगून वर आली. पुढच्या मार्चमध्ये एका रात्री ‘कट्’ असा आवाज झाला. सकाळी पाहिलं तर फळीला उभी भेग.

लाकूड कच्चं होतं, असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असलं तरी आजूबाजूच्या हवेशी पाण्याची देवाणघेवाण करतच असतं. हवेतली आर्द्रता बरेच दिवस ३० टक्क्यांच्या आसपास राहिली, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी उरतं. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तेच पाणी १६ टक्क्यांपर्यंत चढतं. विदर्भातला मे आणि विदर्भातला ऑगस्ट यांच्यात साधारण एवढंच अंतर आहे. (कूलर चालणाऱ्या खोलीत ते कमी होतं, कारण कूलर उन्हाळाभर ओली हवाच आत सोडत असतो.)

हे पाणी लाकडाच्या पेशींच्या भिंतींमध्ये शिरतं आणि त्या भिंती जाड होतात. पेशी खोडाच्या लांबीने रचलेल्या असतात, त्यामुळे लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. सगळी वाढ आडवी होते, आणि तीही दोन दिशांना सारखी नाही. वार्षिक वलयांना समांतर, म्हणजे खोडाच्या घेराच्या दिशेने, साग पाण्याच्या दर टक्क्यामागे सुमारे ०.१९ टक्के रुंदावतो. गाभ्याकडून सालीच्या दिशेने जवळपास निम्माच. माझ्या फळ्या पहिल्या प्रकारे चिरलेल्या होत्या. १० टक्के पाणी, ४५ सेंटीमीटर रुंदी: गुणाकार केला की ८ मिलिमीटरहून जास्त येतं. सुताराच्या हिशेबात अडीच सुतांच्या वर! त्या फळीला पावसाळ्यात पसरायला जागा हवी होती आणि मी ती स्क्रूने बंद केली होती. कोंडलेल्या पेशी चेपल्या गेल्या. चेपलेल्या पेशी पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत, म्हणून वाळताना फळी मूळ मापापेक्षाही आखडायला गेली. स्क्रू तिला आखडू देईनात, तेव्हा ती फाटली.

विंडसर पद्धतीच्या, म्हणजे पाय आणि पाठीच्या काठ्या बैठकीतल्या भोकांत ठोकलेल्या, खुर्च्या करणाऱ्या इंग्लंडच्या कारागिरांनी लाकडाचा हाच स्वभाव कामाला लावला होता. त्यांचं कुसू, म्हणजे भोकात बसणारं टोक, चांगलं वाळवलेलं असायचं, आणि ज्या लाकडात भोक पाडायचं ते जरा ओलसर. पुढे ओलसर लाकूड सुकून भोक आवळतं, कोरडं कुसू हवेतलं पाणी पिऊन फुगतं आणि सांधा आपोआप घट्ट होतो.

दुसरी खुर्ची मी हातांची केली. हात आईला उठताना टेकायला हवेत, एवढाच विचार मनात होता. कागदावर आकृती काढू लागलो तेव्हा त्या हातांचं दुसरं काम लक्षात आलं.

बिनहाताच्या खुर्चीत माणूस मागे रेलतो तेव्हा काय होतं ते पाहा. समजा पाठीवर ३० किलोचा भार येतो आणि तो बैठकीच्या ४० सेंटीमीटर वर पडतो. मागचा पाय इथे तरफेसारखा वागतो. त्या तरफेला रोखून धरायला बैठकीखालची बाजूची पट्टी असते, तिची उंची फार तर ६ सेंटीमीटर. लांब बाजू ४० ची, आखूड बाजू ५–६ ची. म्हणजे सांध्याच्या वरच्या-खालच्या कडांवर जोर पडतो सव्वादोनशे किलोंच्या आसपास, डाव्या-उजव्या सांध्यात वाटला तरी प्रत्येकी शंभराच्या वर. दिवसातून पन्नास वेळा. जुन्या खुर्च्या नेमक्या याच जागी कुरकुरतात. आता मागच्या पायापासून पुढच्या पायापर्यंत हात जोडा. बाजूला एक बंद चौकट तयार होते आणि एका सांध्यावरचा पीळ चार सांध्यांत वाटला जातो. पायांमध्ये खालून आडवा दांडा दिला तर आणखी बरं.

चौकटीपेक्षा त्रिकोण भक्कम, कारण त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलूच शकत नाही. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या आराखड्यांवर सागाच्या आणि वेताच्या खुर्च्या घडवल्या गेल्या. त्यांतल्या कित्येकींचे पाय उलट्या ‘व्ही’सारखे आहेत आणि वरती हात आहे. दिसायला देखण्या आहेतच, पण मला त्यांत आधी त्रिकोण दिसतो.

हे सगळं करायला मोठी यंत्रं लागत नाहीत. करवत, रंधा, दोन पटाश्या, गुण्या, मोगरी, चार शिकंजे आणि विजेवर चालणारं एकच ड्रिल मशीन. कुसवाचं भोक आधी ड्रिलने पोखरायचं आणि मग पटाशीने चौकोनी करायचं. कुसवाची जाडी लाकडाच्या साधारण एक तृतीयांश ठेवावी. आखणी पेन्सिलीऐवजी धारदार सुरीने करावी. सुरी वरचे तंतू आधीच कापते, त्यामुळे पटाशीची कड त्या रेषेत बरोबर बसते.

गोंद कुठे धरतो हेही इथेच कळतं. लाकडाचं कापलेलं टोक म्हणजे नळ्यांची जुडी. ते गोंद शोषून घेतं आणि सांधा कोरडा राहतो. तंतूंच्या लांबीला लागलेला पांढरा गोंद मात्र लाकडाइतकाच बळकट होतो. ४ सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर रुंद कुसवाच्या दोन गालांवर असा ४० चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग मिळतो. साग तेलकट असतो, म्हणून रंधा मारला त्याच दिवशी गोंद लावावा. याच लाकडातल्या द्रव्यांमुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही, आणि त्यातल्या वाळूसारख्या सिलिकामुळे रंध्याचं पातं लवकर बोथट होतं. धार लावायचा दगड शेजारीच ठेवावा.

हातहत्यारांची खरी कमाई मला मागच्या पायात दिसली. पाठीला कल हवा म्हणून तो पाय वाकडा कापावा लागतो. जिथे तंतू पायाच्या रेषेला सोडून बाजूने बाहेर पडतात, तिथे लाकूड कमजोर होतं: १० सेंटीमीटर लांबीत १ सेंटीमीटर तिरकेपणा असेल तर वाकण्याविरुद्धची ताकद सुमारे ८० टक्के उरते, २ सेंटीमीटर असेल तर जेमतेम ५५. यंत्राला हे कळत नाही, ते सरळ कापत जातं. रंध्याला कळतं. उलट्या दिशेने मारला की पातं अडखळतं, लाकूड उसवतं. सुलट्या दिशेला लांब, अखंड ढलपी निघते. फळी दोनदा फिरवून, तंतू पायाच्या वळणाबरोबर वळतील अशी जागा शोधून मी तो पाय आखला. त्यात अर्धा रविवार गेला.

बैठकीला या वेळी फळी लावलीच नाही. चारी बाजूंच्या पट्ट्या अरुंद, त्या हलल्या तरी केसाएवढ्या, आणि मध्ये वेत. वेत भिजवून विणायचा असतो. वाळताना तो स्वतःच ताणला जातो.

हातांची उंची बैठकीपासून २२ सेंटीमीटर ठेवली. ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आणले, कारण उठताना माणूस आधी पुढे झुकतो आणि तळवे तिथेच टेकतात. हात मागे संपले तर जोर द्यायला काही उरत नाही आणि सगळं वजन गुडघ्यांवर येतं. खुर्चीला आता पाच पावसाळे झाले. हातांची पुढची टोकं आईच्या तळव्यांनी गुळगुळीत झाली आहेत, तिथलं पॉलिश कधीच उडालंय.