अंगावर गांधी उठणं थांबत नाही, तेव्हा थायरॉइड का तपासतात?

सहा आठवडे उलटूनही अंगावर बहुतेक रोज गांधी उठत असतील, तर ‘काय खाण्यात आलं’ हा शोध सहसा हाती काही लागू देत नाही. इतक्या लांबलेल्या शीतपित्तामागे, म्हणजे गांधी उठण्याच्या आजारामागे, अन्नाची ॲलर्जी क्वचितच असते. त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामीन सोडतात म्हणून खाज सुटते आणि गांधी फुगते. या पेशींना अनेकदा आपल्याच शरीराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं (रोगप्रतिकारक प्रथिनं) चेतवतात.

थायरॉइडचा संबंध इथे येतो. अशा रुग्णांमध्ये थायरॉइड ग्रंथीविरुद्धची, म्हणजे अँटी-टीपीओ प्रतिपिंडं इतरांपेक्षा जास्त वेळा सापडतात. म्हणून टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, ग्रंथी मंदावली की ते वाढतं) आणि अँटी-टीपीओ तपासून घेणं योग्यच. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर निदान दोन दिवस आधी बंद ठेवाव्यात, नाहीतर अहवाल फसवा येऊ शकतो. टीएसएच वाढलेलं निघालं तर उपचार थायरॉइडसाठी करायचा. त्याने गांधी जातीलच असं नाही. आणि टीएसएच नॉर्मल असताना केवळ अँटी-टीपीओ वाढलंय म्हणून थायरॉक्सिन (थायरॉइड संप्रेरकाची गोळी) सुरू करण्याला भक्कम आधार नाही. जास्तीच्या थायरॉक्सिनने धडधड वाढते, हाडं झिजतात.

गांधींचा मुख्य उपचार म्हणजे कमी झोप आणणारी अँटीहिस्टामाइन (हिस्टामीनला रोखणारी गोळी), उदाहरणार्थ सेटिरिझीन 10 मिलिग्रॅम, रोज एक. सर्वांत जास्त चूक इथेच होते: खाज सुटली की गोळी, थांबली की बंद. हिस्टामीन सुटण्याआधीच औषध रक्तात हवं, म्हणून गोळी रोज घ्यायची. दोन ते चार आठवड्यांत आराम पडला नाही तर डॉक्टर मात्रा चौपटीपर्यंत वाढवतात. स्वतःहून वाढवू नये, विशेषतः मूत्रपिंडाचा त्रास असल्यास. तरीही भागलं नाही तर ओमालिझुमॅब हे औषध, बहुधा दर चार आठवड्यांनी 300 मिलिग्रॅमचं इंजेक्शन. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी अनेकांचा त्रास भडकतो, तेही डॉक्टरांना सांगावं. हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नये.

एका गांधीभोवती पेनने गोल काढून वेळ लिहून ठेवा. साधी गांधी 24 तासांच्या आत विरते, डाग ठेवत नाही. ती जास्त टिकली, दुखली किंवा जांभळट खूण राहिली, तर रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. त्वचेचा तुकडा तपासावा लागतो. जीभ-घसा सुजला, श्वास अडला किंवा भोवळ आली तर थांबू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.