लाट तेवढीच असते, कॅमेरा लांब असतो

पावसाळा लागला की व्हॉट्सॲपवर तेच व्हिडिओ फिरायला लागतात. हर्णै म्हणा, मालवण म्हणा, वाळूत एक पोर उभं, मागे त्याच्या डोक्याच्या वर गेलेली लाट आणि खाली लिहिलेलं की समुद्र गावात घुसला. लगेच मुंबईहून चाकरमान्यांचे फोन सुरू, सगळे बरे आहात ना म्हणून.

व्हिडिओ खोटा नसतो. कोणीतरी जाणकार सांगतो की झूम लेन्सने लाट जवळ ओढलीय, पण झूम काहीच ओढत नाही.

आकडे घेऊनच बघू. १ मीटर उंचीचं मूल, त्याच्या २० मीटर मागे २ मीटरची लाट. अंतर दुप्पट झालं की वस्तू निम्मी दिसते, एवढं शाळेतलं पुरे. कॅमेरा मुलापासून २ मीटरवर असेल तर लाट २२ मीटरवर, म्हणजे फ्रेममध्ये ती मुलाच्या पाचव्या हिश्श्याएवढीही भरत नाही. आता तोच कॅमेरा १०० मीटर मागे न्या. मूल १०० वर, लाट १२० वर, दोघांची अंतरं जवळपास सारखीच झाली, मग लाट मुलाच्या दीडपटीहून उंच दिसणारच! झूमने फक्त ते अख्खं चित्र मोठं होतं. तिथूनच साधा फोटो काढून तेवढा तुकडा कापून मोठा केला तरी हेच दिसेल, थोडं दाणेदार.

खरी गंमत पुढे डोक्यात होते. दोन डोळ्यांना किंचित वेगळं दिसतं त्यावरून आपण अंतर जोखतो, ती सोय सपाट स्क्रीनवर बंद, मग मेंदू आकारावर जास्त भिस्त ठेवतो. १०० मीटरवरचं ते मूल नुसत्या डोळ्याला साधारण अर्धा अंश भरतं, पौर्णिमेच्या चंद्राएवढं. मोबाईलवर ते ४ सेंटीमीटरचं झालं आणि मोबाईल ३० सेंटीमीटरवर धरला की कोन १३ पट होतो, म्हणजे हिशोबाने मूल साडेसात मीटरवर आलं, लाट त्याच प्रमाणात ९ मीटरवर, आणि मधल्या २० मीटरचे उरले फक्त दीड. खेळणारं पोर बुडायला आलेलं दिसतं ते या दीड मीटरमुळे, आणि लाट कोणी हातभरही हलवलेली नसते.

उधाणाचंही सांगतो. ते चंद्र-सूर्याच्या ओढीने अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास येतं, भरतीच्या वेळा आधीच छापून आलेल्या असतात, दर्या कोपला वगैरे काही नसतं. वारा आणि पाऊस त्यात मिळाले तर धोका खरा, पण तो बंदरावरच्या बावट्यावरून ओळखावा, रीलवरून नको.

सिनेमावाले हेच मुद्दाम करतात. माणूस कॅमेऱ्याकडे जीव तोडून धावतोय आणि पोचतच नाही, तो शॉट लांबून घेतलेला असतो, कारण १०० मीटरवरून १० मीटर पुढे आला तरी आकार जेमतेम नवव्या हिश्श्याने वाढतो. आणि कॅमेरा सरकत असताना झूम उलट्या दिशेने फिरवला तर माणूस तेवढाच राहतो आणि मागचं सगळं ताणलं किंवा आकसलं जातं. हिचकॉकने १९५८ च्या 'व्हर्टिगो'मध्ये उंचीची भीती दाखवायला जिन्यावर हेच वापरलं, आणि ते बघताना बसल्या जागी पोटात गोळा येतो.