डीटूओ, सीडीसीएलथ्री मागवणाऱ्यांसाठी: बाटली उघडायच्या आधी वाचा

डीटूओ म्हणजे हेवी वॉटर, साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं जड पाणी, आणि सीडीसीएलथ्री म्हणजे तसाच ड्युटेरियमवाला क्लोरोफॉर्म. एनएमआरसाठी (चुंबकाने रेणूची रचना ओळखणारी तपासणी) लागणारे हे सॉल्व्हंट आम्ही विकतो. कॉलेजांतून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, हेवी वॉटर म्हणजे रेडिएशन वगैरे नाही ना? नाही. हायड्रोजनचे तीन आयसोटोप, साध्यात नुसता एक प्रोटॉन, ड्युटेरियममध्ये सोबत एक न्यूट्रॉन, ट्रिटियममध्ये दोन, आणि या तिघांत रेडिओअॅक्टिव्ह फक्त ट्रिटियम (हाफ लाइफ साधारण १२.३ वर्षं). ते आम्ही विकत नाही. ड्युटेरियम स्थिर आहे, रेडिएशन मोजणारा बॅजबिज काही लागत नाही. चव घेऊन बघू का असंही एकाने विचारलेलं, तर लॅबमधलं काहीच तोंडात घालू नका एवढंच सांगतो.

दुसरा प्रश्न रेटचा. पाण्यातल्या जवळपास ६४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतो, तो वेचून ९९.९ टक्क्यांपर्यंत न्यायचा म्हणजे खर्च आलाच. अलिबागजवळ थळला हेवी वॉटर बोर्डाचा प्लांट आहे, तिथे शेजारच्या खत कारखान्याच्या गॅसमधून ड्युटेरियम काढतात. तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्या रिअॅक्टरना असलंच जड पाणी लागतं. एनएमआरवाल्यांना लागतं ते त्यामानाने थेंबभर, एका ट्यूबला साधारण ०.६ मिली.

आता मुद्द्याचं. बहुतेक तक्रारी "तुमचं डीटूओ अशुद्ध आहे, ४.७९ पीपीएमला मोठा पीक येतो" अशा असतात (पीक म्हणजे एनएमआरच्या आलेखातला, स्पेक्ट्रममधला उंचवटा, आणि पीपीएमचा आकडा म्हणजे त्याची आलेखावरची जागा) आणि दहातल्या नऊ वेळा बाटली झाकण सैल ठेवून बाकावर पडलेली असते. हवेतल्या ओलाव्यातला साधा हायड्रोजन आत येतो, ड्युटेरियम बाहेर जातो, एचओडी (एक साधा हायड्रोजन आणि एक ड्युटेरियम असलेलं पाणी) तयार होतं, तोच तो पीक. पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून लहान पॅक किंवा अँप्यूल घ्या, पिपेट कोरडा वापरा, काढून झालं की झाकण लगेच घट्ट. आणि फ्रिजमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, गार काचेवर पाणी धरतं ते सरळ आत जातं.

सीडीसीएलथ्रीमध्ये ७.२६ चा पीक येणारच, ९९.८ टक्के म्हणजे ०.२ टक्के साधा क्लोरोफॉर्म उरतोच ना. १.५६ ला दिसतो तो पाण्याचा. काही बाटल्यांत चांदीच्या पत्र्याचा तुकडा असतो, तो कचरा नाही, तयार होणारं आम्ल धरायला मुद्दाम टाकलेला असतो, काढून फेकू नका! बाटली अंधारात ठेवा.

डीएमएसओ-डीसिक्स (हाही ड्युटेरियमवाला सॉल्व्हंट) थंडीत सकाळी गोठलेलं दिसलं तर घाबरू नका, ते वीसच्या आसपास गोठतंच. झाकण बंद ठेवूनच कोमट पाण्यात धरा, खराब झालेलं नसतं.

एमएस्सीच्या पोरांसाठी एक युक्ती. ओएच किंवा एनएचचा (ऑक्सिजनला किंवा नायट्रोजनला जोडलेल्या हायड्रोजनचा) पीक कुठला ते कळत नसेल तर सीडीसीएलथ्रीच्या ट्यूबमध्ये डीटूओचा एक थेंब टाकून जोरात हलवा, थेंब वर तरंगेल, मग परत स्पेक्ट्रम घ्या. जो पीक गेला किंवा बारीक झाला तो ड्युटेरियमशी अदलाबदल होणारा, म्हणजे बहुधा ओएच किंवा एनएचच. ४.८ च्या आसपास एचओडीचा नवा पीक येईल, तो मोजू नका.

वापरलेलं सीडीसीएलथ्री सिंकमध्ये ओतू नका, हॅलोजनेटेड (क्लोरीन वगैरे असलेल्या) वेस्टच्या कॅनमध्ये टाका. सील फोडलेली बाटली परत घेता येत नाही, त्यामुळे पार्सल आल्या आल्या लेबलवरचा टक्का आणि लॉट नंबर ऑर्डरशी जुळवून बघा.