मक्ता, गल्ला आणि वीस मिनिटांचे मध्यंतर : अमेरिकी कॉलेज मैदानांवरच्या खाण्याची पार्श्वभूमी

आपल्याकडे कॉलेजात ‘कन्सेशन’ म्हटले की लोकलच्या पासाचा फॉर्म डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मैदानावर त्याच शब्दाचा अर्थ खाण्यापिण्याचा स्टॉल असा आहे. जागेच्या मालकाने दुसऱ्याला तिथे विक्रीचा हक्क दिला, तो हक्क म्हणजे कन्सेशन. मराठीत त्याला जुना, नेमका शब्द आहे : मक्ता. तोच इथे वापरला आहे, कारण या मैदानांवर हॉट डॉग ओलसर का मिळतो आणि पाण्याच्या बाटलीसाठी अर्धा तास का उभे राहावे लागते, याचे उत्तर भटारखान्यापेक्षा मक्त्याच्या कागदात जास्त सापडते.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. पहिला कॉलेज फुटबॉल सामना (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल) १८६९ मध्ये न्यू ब्रन्सविकला झाला, तेव्हा मैदानावर विक्रीची काही व्यवस्था असण्याचा प्रश्नच नव्हता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस ओहायोतल्या कोलंबसमध्ये इंग्लंडहून आलेल्या एका विक्रेत्याने बेसबॉलच्या मैदानावर धावफलकाची पत्रके विकण्याचा हक्क घेतला आणि पुढे खाण्याचाही. व्यावसायिक मक्त्याची घडी तिथून बसत गेली. कॉलेजांनी मात्र आधी प्रचंड वास्तू उभ्या केल्या : बॉस्टनला १९०३, न्यू हेवनला १९१४, कोलंबसला १९२२, ॲन आर्बरला १९२७. खाण्याचा विचार नंतर आला. बसायच्या पायऱ्यांखाली उरलेल्या अरुंद बोळात स्टॉल घुसवले गेले. पाण्याची जोडणी मोजकी, सांडपाण्याची त्याहून मोजकी, धूर बाहेर काढायला वाटच नाही. तळणीचे पदार्थ आजही अनेक जुन्या मैदानांवर बाहेर गाडी लावूनच विकावे लागतात, ते यामुळे.

फार काळ याची कुणाला खंतही नव्हती. प्रेक्षक सकाळपासून वाहनतळावर गाडीची मागची झडप उघडून शेगडी लावत, तिथेच पोटभर जेवून आत येत. आत शेंगदाणे, पॉपकॉर्न, कोला एवढे मिळाले की पुरे. शिवाय फुटबॉलच्या मैदानाचा वापर वर्षात जेमतेम सहा-सात शनिवार. इतक्या दिवसांसाठी भटारखाना बांधायला कुणी तयार होत नाही आणि अनुभवी माणूस तेवढ्यासाठी टिकत नाही. बास्केटबॉलच्या बंदिस्त सभागृहांची स्थिती बरी, कारण तिथे पुरुषांचे पंधरा-अठरा सामने, महिलांचे तितकेच, वर मैफली आणि पदवीदान असतात. यंत्रे चालती राहतात, हात सरावलेले राहतात. तरी लॉरेन्सचे १९५५ चे किंवा डरहॅमचे १९४० चे सभागृह पाहिले तर रांग आणि ये-जा एकाच बोळातून चालते.

खाण्याचा दर्जा कुठे मोडतो हे पाहायला मध्यंतराचा हिशेब मांडावा. कॉलेज फुटबॉलचे मध्यंतर २० मिनिटांचे. एक लाख आसनांचे मैदान आणि २०० प्रेक्षकांमागे एक गल्ला धरला, तर ५०० गल्ले होतात. एका गिऱ्हाइकाला ७० सेकंद लागले, तर २० मिनिटांत एका गल्ल्यावर १७ व्यवहार, म्हणजे सगळ्यांवर मिळून ८,५००. चौथाई प्रेक्षक उठले आणि अडीच माणसांमागे एक व्यवहार धरला, तर गरज आहे १०,००० व्यवहारांची. म्हणजे सगळे गल्ले उघडे असले तरी दीड हजार गिऱ्हाइके खेळ पुन्हा सुरू होताना रांगेतच असतात. माणसे न आल्यामुळे १०० गल्ले बंद राहिले, तर हा आकडा ३,२०० वर जातो. हा जादा गल्ला कोणाच्या खर्चाने उघडायचा, या एका प्रश्नाभोवती गेल्या तीस-चाळीस वर्षांचा सगळा वाद फिरतो.

हॉट डॉगचेही तेच. रोलरवर, म्हणजे फिरत्या गरम नळ्यांच्या यंत्रावर, थंड सॉसेज गरम व्हायला सुमारे अर्धा तास लागतो, म्हणून ऐन मध्यंतरात ताजा भाजून देणे अशक्य. आधीच गरम करून, पावात घालून, ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून तो उबदार कपाटात ठेवतात. तापमान ५७ अंश सेल्सियसच्या खाली जाऊ द्यायचे नाही, हा अन्नसुरक्षेचा नियम. पहिली वीस मिनिटे पाव मऊ राहतो. पाऊण तासाने वाफ पावाच्या तळाशी मुरते, टोके मात्र चामट होतात. मध्यंतराच्या अर्धा तास आधी गुंडाळायला बसावे, चाळीस-पन्नासची एक खेप करावी, प्रत्येक खेपेवर वेळेची चिठ्ठी लावावी, एवढाच उपाय आहे. पण स्टॉलवर अननुभवी माणसे असली की सामना सुरू होण्याआधीच दिवसभराचा माल गुंडाळून मोकळे होतात आणि सामन्याच्या शेवटच्या, चौथ्या सत्रात गिऱ्हाइकाच्या हातात तीन तासांचा पाव पडतो. पातळ चीज घातलेले नाचोज, म्हणजे मक्याचे कुरकुरीत तुकडे, मैदानांवर इतके का पसरले तेही यावरून कळते. १९७६ मध्ये टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या बेसबॉल मैदानावर ते विकायला सुरुवात झाली. चीजची पिशवी उघडेपर्यंत शीतकपाट लागत नाही, एकदा तापली की पंप दाबला की काम झाले, आणि एक ताट मिनिटाच्या आत हातात. शाकाहारी विद्यार्थ्यांना तिथे पॉपकॉर्न, प्रेट्झेल आणि हेच नाचोज एवढाच आधार बराच काळ होता.

आता मक्त्याच्या कागदाकडे. इथे थोडे थांबायला हवे, कारण ‘कमिशन’ या शब्दाने बरेच गैरसमज होतात. कमिशन मक्तेदाराला मिळते असे बाहेरच्याला वाटते. प्रत्यक्षात जुन्या पद्धतीच्या करारात मक्तेदार विद्यापीठाला कमिशन देतो, तेही नफ्यावर नाही, विक्रीवर. चाळीस-पंचेचाळीस टक्के हा दर तिथे नवलाचा नाही. उदाहरण घेऊ. सहा डॉलरचा हॉट डॉग. सात टक्के विक्रीकर किमतीतच धरला तर उरतात ५.६१. त्याचे ४५ टक्के, म्हणजे २.५२ डॉलर, विद्यापीठाचे. मक्तेदाराकडे ३.०९. सॉसेज, पाव, कागद, मोहरी मिळून १.२० धरा. स्टॉल चालवणाऱ्या स्वयंसेवी गटाचा दहा टक्के वाटा ०.५६. कार्डाचे शुल्क ०.१५. हातात राहिले १.१८, आणि त्यातून देखरेख करणारे पगारी लोक, सफाई, विमा, यंत्रांची झीज, मग नफा.

अशा हिशेबात मक्तेदारापुढे तीनच वाटा राहतात. भाव वाढवणे, पण त्यातला पंचेचाळीस टक्के भाग लगेच निघून जातो. माल हलका घेणे. किंवा गल्ले कमी उघडणे. विद्यापीठाला तर एकूण विक्रीतला वाटा मिळतो आणि खर्च सोसावा लागत नाही, त्यामुळे भाव चढे असण्यात त्याचे काही जात नाही. दोघांनाही जादा गल्ला आपल्या खिशातून नको असतो. तो खर्च शेवटी प्रेक्षक भरतो, रांगेत उभा राहून.

त्यातही ‘विक्री’ म्हणजे नेमके काय, हा तंट्याचा मुद्दा. कर वजा करायचा हे सर्वमान्य. कार्डाचे शुल्क वजा करायचे का? स्वयंसेवी गटाचा वाटा? कर्मचाऱ्यांना दिलेले जेवण? सर्वांत अवघड प्रकरण पोटमक्त्याचे. गावातल्या नावाजलेल्या पिझ्झावाल्याला मक्तेदाराने आत एक स्टॉल दिला आणि त्याच्याकडून ३५ टक्के घेतले. आता विद्यापीठाचे कमिशन पिझ्झाच्या पूर्ण किमतीवर, की मक्तेदाराच्या हाती आलेल्या ३५ टक्क्यांवर? करारातल्या एका ओळीने उत्तर बदलते. पूर्ण किमतीवर कमिशन लावले तर पिझ्झावाल्याला मैदानावर आणणे मक्तेदाराला तोट्याचे पडते आणि तो आपलाच गोठवलेला पिझ्झा विकतो. स्थानिक चवीचे खाणे मैदानावर उशिरा का आले, याचे एक कारण या ओळीत आहे.

दुसरी पद्धत व्यवस्थापन शुल्काची. सगळी विक्री आणि सगळा खर्च विद्यापीठाचा, मक्तेदाराला ठरावीक शुल्क आणि वर कामगिरीप्रमाणे काही. इथे जादा गल्ला उघडणे निदान एकाच्या हातात येते. धोका असा की खर्च वाचवण्याची मक्तेदाराला निकड उरत नाही, म्हणून हिशेब दर सामन्यानंतर पाहणारा माणूस विद्यापीठाने ठेवावाच लागतो. तो न ठेवता ही पद्धत स्वीकारणे म्हणजे कोरा धनादेश देणे.

आणखी एक गाठ गुंतवणुकीची. मक्तेदार सुरुवातीला यंत्रे आणि स्टॉल यांत पैसे घालतो, ते करार चालू असेपर्यंत दरवर्षी थोडे थोडे फिटतात. ५० लाख डॉलर १० वर्षांवर पसरले असतील, तर चौथ्या वर्षाच्या अखेरीस मक्तेदार बदलायचा झाल्यास विद्यापीठाने ३० लाख मोजायचे. सेवा वाईट आहे हे सगळ्यांना दिसत असूनही करार का मोडत नाही, त्याचे उत्तर बहुतेक वेळा हे असते. १९९० च्या दशकात शीतपेयांचे एकाधिकार करार याच धर्तीवर आले. पेन्सिल्वेनियातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठाने १९९२ मध्ये १० वर्षांसाठी १.४ कोटी डॉलरचा करार केला आणि पाठोपाठ इतरांनी.

मक्ता माणसाच्या तहानेपर्यंत पोचला तर काय होते, ते सप्टेंबर २००७ मध्ये ओरलँडोत दिसले. तिथल्या विद्यापीठाचे ४५,००० आसनांचे नवे मैदान पिण्याच्या पाण्याच्या एकाही नळाशिवाय उघडले. बाटली तीन डॉलरला, आणि पहिल्याच सामन्यात कडक उन्हात बाटल्या संपल्या. उन्हाच्या त्रासाने सुमारे ६० जणांवर मैदानावर उपचार झाले, १८ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. नळ नंतर बसले. ते आराखड्यात नसणे ही चूक अक्षम्य होती.

स्टॉलवर उभी असणारी माणसे कोण, हेही बघायला हवे. चर्चचे गट, शाळेचे बँडपथक, मुलांचे संघ. त्यांना पगार नाही, विक्रीचा आठ-दहा टक्के वाटा संस्थेला जातो. हेतू चांगला, पण दर सामन्याला नवी माणसे आणि प्रशिक्षण दोन तासांचे. २०१० मध्ये एका क्रीडा वाहिनीने उत्तर अमेरिकेतल्या १०७ व्यावसायिक मैदानांच्या आरोग्य तपासणीचे अहवाल पाहिले, तेव्हा ३० ठिकाणी निम्म्याहून जास्त स्टॉलवर गंभीर त्रुटी आढळल्या होत्या. ती मैदाने तर वर्षभर चालतात. सहा शनिवार चालणाऱ्या ठिकाणी काळजी अधिक घ्यायला हवी, कमी नाही.

बिअरचा निर्णय यानंतरचा. बऱ्याच कॉलेज मैदानांवर सामान्य आसनांत मद्य बंद होते, पण महागड्या कक्षांत ते मिळत असे. या दुजाभावावर फारसे कुणी बोलत नव्हते. २०११ मध्ये मॉर्गनटाउनला विद्यापीठाने आत बिअर सुरू केली आणि त्याच वेळी मध्यंतराला बाहेर जाऊन परत येण्याची मुभा काढून घेतली. बाहेर जाऊन भराभर पिऊन येण्याला आळा बसला आणि पोलिसांकडची प्रकरणे कमी झाल्याचे सांगितले गेले. पण पूर्वी मध्यंतराला बाहेर जाणारे लोकही आता आतल्याच रांगेत आले.

दक्षिणेतल्या १४ विद्यापीठांच्या संघटनेने मे २०१९ मध्ये बंदी उठवली आणि निर्णय प्रत्येक विद्यापीठावर सोपवला. अटी काटेकोर होत्या : फक्त बिअर आणि वाइन, विक्री ठरलेल्या जागीच, दर खरेदीला वयाचा पुरावा, एका वेळी मर्यादित पेले, कॅन न देता पेल्यात ओतून द्यायचे, फुटबॉलमध्ये तिसरे सत्र संपले की विक्री बंद. त्यांपैकी बॅटन रूजच्या विद्यापीठाने त्याच वर्षी सुरुवात केली, जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सच्या विद्यापीठाने २०२४ पर्यंत सामान्य प्रेक्षकांसाठी थांबणे पसंत केले. या अटी सुरक्षिततेसाठी योग्यच आहेत. पण गल्ल्यावर त्यांचा भार किती, हे कुणी मोजले नाही. ओळखपत्र पाहणे आणि ओतणे यात २५ सेकंद वाढले, तर ७० सेकंदांचा व्यवहार ९५ वर जातो आणि मध्यंतरातले १७ व्यवहार १२ वर येतात. त्याच गल्ल्यावर खाणेही विकले तर लहान मुलाचा पॉपकॉर्न बिअरच्या रांगेत अडकतो. बिअरचे गल्ले वेगळे ठेवणे आणि वयाची खात्री आधीच करून मनगटावर पट्टी बांधणे, हे दोन उपाय नीट चालतात. काही चर्चचे गट बिअर विकायला नकार देतात, तोही विचार माणसे लावताना करावा लागतो.

भावांबाबतचा धडा व्यावसायिक मैदानाने दिला. २०१७ मध्ये अटलांटाच्या नव्या मैदानावर हॉट डॉग दोन डॉलर, पुन्हा भरून मिळणारे पेय दोन डॉलर, कर आत धरून पूर्ण डॉलरात किंमत. भाव निम्म्यावर आले, तरी माणशी खर्च १६ टक्के वाढला. पूर्ण डॉलरचा फायदा स्वस्ताईइतकाच मोठा, कारण सुटे मोजण्यात जाणारे सेकंद वाचतात. काही कॉलेजांनी हे उचलले, पण विक्रीवर कमिशन घेणाऱ्या करारात ते बसवणे कठीण गेले.

महासाथीनंतर रोख जवळपास हद्दपार झाली आणि स्वतः उचलून स्वतः पैसे भरायची दुकाने आली. पेय आणि पाकिटबंद खाण्याला ती उत्तम. मोबाइलवरून मागणी नोंदवण्याचा प्रयोग मात्र अनेकदा फसला : ऐंशी हजार फोन एकाच वेळी जोडले की नेटवर्क कोलमडते, आणि मागणी गेलीच तर ती घ्यायला पुन्हा रांग, तीही त्याच भटारखान्यापुढे.

१ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येकी २.०५ कोटी डॉलर. क्रीडा विभाग आता मैदानावरचा प्रत्येक डॉलर मोजत आहेत आणि जुने मक्ते पुन्हा टेबलावर येत आहेत. अशा करारात आगाऊ रकमेचा आकडा पहिल्या पानावर ठळक असतो. मध्यंतराला किमान किती गल्ले उघडे हवेत, माणसे कमी आल्यास दंड किती, पोटमक्त्याची विक्री कशी मोजायची आणि पिण्याचे मोफत पाणी कुठे कुठे, हे परिशिष्टात असते. प्रेक्षकाला काय मिळणार ते तिथे लिहिलेले असते.